भरलेला पंप

या हो, असे दाराशी का थांबलात? पुढे सरका, जागा पुष्कळ आहे. लेकरू झोपले असेल तर मांडीवरच राहू द्या, त्याला काही त्रास व्हायचा नाही. एक गोष्ट सांगतो. फवारणीच्या पंपाची गोष्ट आहे, तो पंप सुधारायला आलेल्या शिकल्यासवरल्या माणसांची आहे, आणि तो पंप ज्या हातांनी वर जायचा त्या हातांची आहे. हसू येईल तिथे खुशाल हसा. राग येईल तिथे मात्र गिळू नका. सांगताना मलाच आवरत नाही, तर तुम्हाला कुठून सांगू आवरा म्हणून!

त्या वर्षी टोमॅटोवर अळी पडली. सकाळी घट्ट, गुळगुळीत दिसलेले फळ संध्याकाळी हातात घ्यावे, तर देठापाशी टाचणी टोचल्यासारखे भोक आणि भोकाच्या तोंडाशी ओली घाण. जरा दाबले की आतून आंबूस पाणी. औषध मारले की दोन-चार दिवस झाडे मान वर करायची, आणि परत पानांची जाळी. वाराही असा कोंदट की औषधाचा वास कपड्यांतून, केसांतून, भाकरीच्या टोपलीतूनसुद्धा जाईना.

शेत एका लहानशा घराचे होते. घरचा कर्ता उंच, दारातून आत येताना मान खाली घालणारा. सगळा गाव त्याला लांब्या म्हणे. त्याची बायको त्याच्या छातीला लागेल एवढी, अंगाने काटक. घरात तिला सूनबाई म्हणत. सासूचा आवाज असा, की तिने अंगणातून हाक मारली तर शेजारच्या गोठ्यातली गुरे कान टवकारत. तिला तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिचे नाव फौजदारीण पडले होते. आणि एक तान्ही मुलगी, जी झोपेल तेवढाच वेळ त्या घरात सलग काम व्हायचे.

फवारणी कशी व्हायची ते नीट ऐका, कारण पुढचे सगळे त्यात आहे.

बांधावर पाण्याचे पिंप. सून बादलीने पिंपातले पाणी काढायची, गाळणीतून पंपात ओतायची, टोपणाने मोजून औषध घालायची, काठीने ढवळायची, झाकण आवळायची. तोवर लांब्या पाठमोरा उभा राहायचा, कमरेत जरासा वाकायचा आणि म्हणायचा, "हं." की हिने गुडघ्यांत बसायचे, दोन्ही हात पंपाच्या बुडाखाली घालायचे, पंप पोटाशी ओढून मांडीवर घ्यायचा, तिथून दात आवळून एक हिसका द्यायचा, छातीपर्यंत न्यायचा, आणि त्याच्या पाठीला दाबून धरायचा. तो सावकाश एक पट्टा घालायचा, मग दुसरा, खांदे हलवून पाहायचा. मग म्हणायचा, "सोड." आणि दांडा वरखाली करत सरीत शिरायचा. टाकी संपली की परत बांधावर, परत पाठमोरा, परत "हं." नवरा ठेंगणा असता तर पंप कमरेएवढाच उचलावा लागला असता. पण देवाने उंची दिली नवऱ्याला, आणि तिचा भार टाकला बायकोवर.

बाळंतपण होऊन फार दिवस झाले नव्हते. एकदा असाच पंप वर चढवताना तिच्या ओटीपोटात काहीतरी सुटले. दुखले नाही फारसे. आतली गाठ सुटावी तसे काहीतरी खाली घसरले, एवढेच. तिने पंप धरून ठेवला, तो "सोड" म्हणेपर्यंत. तो गेल्यावर पिंपाआड बसली, हात लावून पाहिला, आणि तिच्या कानशिलांवर घाम फुटला. अंग बाहेर आले होते.

संध्याकाळी तिने सासूला सांगितले. सासू चुलीपाशी होती. ऐकून तिने विस्तव मागे ओढला, उठली, दार लोटले आणि आधी एकच म्हणाली, "कोणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस."

मग तिने जुने मऊ फडके काढले, त्याच्या पट्ट्या फाडल्या. सुनेला आडवे केले, कमरेखाली उशी सरकवली, श्वास सोडायला सांगितला, अंगठ्याने कसे आत सारायचे ते दाखवले. हात असे सराईत चालत होते की सुनेला त्याही परिस्थितीत नवल वाटले. पण विचारायची ती वेळ नव्हती.

तान्हीच्या लशीला गेली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईने तिलाही तपासले आणि डोळे वटारले. "वजन अजिबात उचलायचं नाही. पाण्याची बादलीसुद्धा अर्धी. असंच चालू ठेवलंस तर गर्भाची पिशवी काढावी लागेल, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब म्हणायचं. काय उचलतेस एवढं?"

"काही नाही. घरचंच."

नवऱ्याला तिने अंधारात, त्याच्याकडे न बघता सांगितले. वाईट माणूस नव्हता हो तो. दारू नाही, हात उगारणे नाही. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता, आणि तोच त्याने विचारला, "मग पंप कोण चढवणार?"

सकाळी तोच म्हणाला, "तू नुसता हात लाव. मी ओढून घेतो."

भरलेल्या पंपाला नुसता हात कसा लावतात, हे तुमच्यापैकी कोणी मला सांगावे.

अशात ती माणसे आली. पंप बनवणाऱ्या कंपनीची. एक बाई होती, तरुण, केस कापलेले, पायांत जाड बूट. आणि एक कॅमेरावाला. दोघे नम्र. उंबऱ्याबाहेर बूट काढले, तान्हीचे कौतुक केले. बाई म्हणाली, कंपनीला नवा पंप काढायचा आहे, आणि तो डिझाइन थिंकिंगने काढायचा आहे.

फौजदारीण भुवया उंचावून म्हणाली, "ते काय असतं गं पोरी?"

"आजी, म्हणजे आधी वस्तू बनवायची नाही. आधी माणूस बघायचा. तो काम कसं करतो, त्याला कुठे दुखतं, ते त्याच्या जागी उभं राहून समजून घ्यायचं. मग नेमका प्रश्न मांडायचा. मग पुष्कळ कल्पना काढायच्या, त्यातून एक कच्चा नमुना करायचा, तो त्याच्याच हातात द्यायचा. चुकलं की परत पहिल्यापासून."

"माणूस बघून वस्तू? मग आमच्या ह्याला बघितलंस तर शिडी होईल, पंप व्हायचा नाही."

सगळे हसले. सूनही हसली, आतल्या दाराआड, तान्हीला पाजता पाजता.

बाईने लांब्याला खाटेवर बसवले, आपण खाली बसली. कॅमेरा लागला. "दादा, फवारणी करताना सगळ्यात जास्त त्रास कशाचा?"

लांब्याने घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याला त्याचा त्रास विचारत होते. "फेऱ्यांचा. टाकी संपते, परत बांधावर यावं लागतं. मग खांदे. पट्टे रुततात. झाकणातून गळतं, औषध पाठीवर येतं. आग होते."

"मदतीला कोण असतं?"

"कोण नाही. मी एकटाच करतो."

आत पाजता पाजता सुनेचा हात थांबला.

त्या भागात रीतच तशी. चारचौघांत घरचे काम सांगायचे तर कर्त्याने सांगायचे, आणि सांगायचे ते आपल्या एकट्याच्या अंगावर घेऊन. बायको पंप चढवते असे पाहुण्यांपुढे बोलणे म्हणजे बायको घास भरवते असे बोलण्यासारखे. त्यात खोटे बोलल्याचे त्याच्या मनालाही लागले नाही. म्हणून तर जास्त चीड येते.

बाईने मान वळवून आतही विचारले, नाही असे नाही. "ताई, तुम्ही शेतात काय करता?"

सुनेने तोंड उघडले, तेवढ्यात सासू म्हणाली, "ती काय करणार? लेकुरवाळी बाई. पाणीबिणी बघते."

"पाणी भरते," सून म्हणाली.

बाई छान हसली. पिवळ्या चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहून तिने भिंतीला डकवले. फेऱ्या. खांदे. गळती. आग. सगळ्यांच्या खाली एकीवर, पाणी. भिंत कशी पिवळीधमक झाली. लांब्या संध्याकाळपर्यंत येताजाता तिच्याकडे बघत होता. त्याचे दुखणे भिंतीवर लागले होते!

दुसऱ्या दिवशी बाई शेतात आली आणि हट्टाला पेटली. "मला स्वतःला पंप घेऊन चालायचंय. नुसतं ऐकून कळत नाही."

मनापासून बोलत होती हो. त्यात कपट नव्हते. सुनेने पंप भरला, झाकण आवळले, आणि बाई पाठमोरी उभी राहिली. लांब्याला बघून बघून तिनेही कमरेत वाक दिला. सून बसली, हात बुडाखाली घातले, मांडीवर घेतला, उचलला, बाईच्या पाठीला लावला, धरून ठेवला. बाईची उंची बेताची, तेवढेच सुख. बाई पट्टे शोधत होती, हसत होती, "थांबा हं, थांबा हं," करत होती. सून थांबली.

"ताई," कॅमेरावाला म्हणाला, "जरा मागे होता का? मध्ये येताय."

ती मागे झाली.

बाई सरीतून गेली, आली. तोंड लाल, श्वास वर, खांद्यावर वळ. डोळ्यांत पाणी आणून लांब्याला म्हणाली, "किती जड आहे हो! आणि तुम्ही हे रोज करता?"

"सवय झाली," लांब्या लाजून म्हणाला.

आणि ज्या घडीला तो हे म्हणत होता, त्या घडीला त्याची बायको पिंपाआड उकिडवी बसून, कपड्यावरूनच, आपले अंग आत सारत होती. कॅमेरा तिथून दहा पावलेही लांब नव्हता. देवा, तू माणसाला दोन डोळे दिलेस, आणि मान वळायला जागाही दिलीस!

पाहुणे गेल्यावर तिने भांडी घासता घासता विचारले, "एकटाच का म्हणालात?"

"काय?"

"मी एकटाच करतो, म्हणालात."

"मग काय बोलायचं होतं? बायको चढवते म्हणून सांगू? कॅमेरा चालू होता."

"चढवतेच ना."

"तसं सांगतात का कोणी?"

"मी आहे म्हणून सांगायची तुम्हाला लाज. आणि मला दुखतं, ते सांगायची मला लाज. मग पंप चढतो तरी कसा? आपोआप?"

"आवाज कमी," आतून फौजदारीण कडाडली. "भिंती पातळ आहेत."

सुनेने पातेले असे आपटले की तान्ही दचकून उठली. मग तिलाच उचलून, थोपटून निजवावे लागले. रागावलेल्या बाईचा राग पुरा व्हायलाही घरात सवड नसते.

काही दिवसांनी बाई कच्चा नमुना घेऊन आली. पुठ्ठ्याचा. चिकटपट्टीने जोडलेला, आकाराने मोठा, त्याला जाड, मऊ पट्टे. लांब्याने तो एका हाताने उचलला, स्वतःच पाठीला लावला, अंगणात दोन चकरा मारल्या.

"कसं वाटतं, दादा? स्पष्ट सांगा. चुकलंय म्हणालात तर आम्हाला आनंदच आहे."

"झकास आहे. काही वजनच नाही!"

पुठ्ठ्याला वजन कुठून असणार? पण लांब्याला वाटले कंपनीने किमया केली, आणि बाईला वाटले पट्टे जमले. दोघेही खूष. सून दारात उभी राहून त्या मोठ्या पुठ्ठ्याकडे बघत होती. तिने हातांनीच त्याची रुंदी मोजून पाहिली. मग धीर करून म्हणाली, "हा भरल्यावर केवढा होईल?"

"मोठा आहे ना टाकीला," बाई उत्साहाने म्हणाली. "दादांच्या फेऱ्या निम्म्या होतील."

सून पुढे बोलली नाही. का बोलली नाही? दारात नवरा उभा होता, शेजारचे दोघे पंप बघायला आलेले, कॅमेरावाला बाकावर. त्या सगळ्यांच्या देखत कोणत्या अवयवाचे नाव घेऊन तिने बोलायचे होते?

मग तो पंप खरोखरच तयार होऊन आला. निळा, चकचकीत, आत बॅटरी, दांडा मारायला नको. खोटे कशाला बोलू, पंप चांगला होता. पट्टे गादीसारखे, झाकणातून थेंब गळत नव्हता. पाठीवर बसल्यावर त्याच्यासारखा पंप नाही. पाठीवर बसल्यावर!

त्या दिवशी कंपनीचे साहेब स्वतः आले होते. पांढरा सदरा, डोळ्यांवर काळा चष्मा. बांधावर शेजारीपाजारी जमले. अळीने तोवर पलीकडच्या सऱ्या निम्म्या खाल्ल्या होत्या आणि आज औषध पडायलाच हवे होते.

निघताना सून लांब्याला म्हणाली होती, "तो मोठा मी उचलणार नाही."

"आजचा दिवस. साहेब यायचेत. उद्यापासून बघू काहीतरी."

"उद्यापासून" हा शब्द ती बाळंत झाल्यापासून ऐकत होती. तिने तान्ही सासूच्या कडेवर दिली आणि बादली उचलली, अर्धी.

पंप भरता भरेना. अर्ध्या अर्ध्या बादल्या ओतून तिचे मनगट भरून आले. औषध पडले, ढवळले, झाकण लागले. साहेब म्हणाले, "चला, दादा." कॅमेरावाल्याने कॅमेरा उचलला. लांब्या पाठमोरा उभा राहिला, वाकला.

"हं."

आणि बघा सवय काय असते! नाही म्हणालेली बाई, पण "हं" ऐकल्याबरोबर गुडघे आपोआप वाकले, हात आपोआप बुडाखाली गेले. पंप पोटाशी आला, मांडीवर आला. तिथून तिने हिसका दिला, आणि खालून सगळेच आले. तिच्या तोंडून आवाज निघाला, कुंथल्यासारखा. हात सुटले. पंप आडवा पडून गडगडला.

"बघा!" साहेब टाळी वाजवून म्हणाले. "पडला तरी सांडत नाही. घेतलंस ना हे?"

कॅमेरावाल्याने मान हलवली.

लांब्या अजून वाकलेलाच होता. "हं," तो परत म्हणाला. मग मागे वळला. बायको दोन्ही हात मांड्यांत दाबून उभी होती. तोंड राखेसारखे.

"अगं, उचल ना."

"नाही."

"सगळे बघतायत. लाज काढू नकोस."

"नाही उचलणार. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही."

"ताईंना बरं नाही का?" साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "मग दुसऱ्या कोणाला तरी घ्या पटकन. कॅमेऱ्यात तसं ते येणारच नाहीये."

लांब्याने इकडेतिकडे पाहिले. शेजाऱ्यांना कसे बोलवायचे? आणि मग त्याच्या तोंडून जे निघाले ते त्याने मुद्दाम म्हटले नाही. लहानपणापासून जे पाहिले होते तेच निघाले. "आई, तू जरा हात लाव गं. बाबांना तर तूच चढवायचीस."

फौजदारीण कडेवरच्या नातीला थोपटत होती. तिचा हात थांबला.

"काय म्हणालास?"

"नुसता हात लाव."

तिने नातीला सुनेकडे दिले नाही. सरळ त्या बूटवाल्या बाईच्या हातात दिले आणि पुढे आली.

"हो, मीच चढवायची. तू पोटात होतास तेव्हा चढवला. तू झालास, माझं अंग अजून ओलं होतं, तेव्हाही चढवला. तुझा बाप 'हं' म्हणायचा, मी चढवायची. माझं अंग तेव्हापासून बाहेर आहे. ऐकलंस? मोठ्यानं सांगते, सगळ्यांनी ऐका. चालताना मांडीला घासतं. खोकले की कपडा भिजतो. बाहेरच्या माणसाशेजारी बसत नाही मी, वास येईल म्हणून. तुम्ही म्हणता म्हातारी कजाग आहे, कोणाला जवळ करत नाही. कशी करू?"

बांधावरचे पुरुष मातीकडे बघायला लागले. एकाला खोकला आला, तो त्याने दाबला. कॅमेरावाल्याने हळूच कॅमेरा खाली घेतला.

"खाली का घेतोस रे?" म्हातारी त्याच्यावर वळली. "धर वर! इतके दिवस पाठ पाठ केलीत, ह्याचे खांदे भिंतीला चिकटवलेत. आता हेही घे. हे कुठे चिकटवायचं ते तुमच्या साहेबाला विचार."

"आई, पुरे," लांब्या पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

"तू गप. माझं गेलं ते गेलं. हिचं तरी आत राहू दे."

सून पुढे सरकली. आता तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, जाळ होता, आणि तो सासूवर होता. "मग मला बोलू नकोस का म्हणालात? पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

म्हातारीने तिच्याकडे पाहिले. सगळा आवाज उतरला. "मला तेच सांगितलं होतं, बये. माझ्या सासूनं. तेच तोंडातून निघालं."

अळ्या मात्र खातच होत्या. त्यांना काय घेणेदेणे!

मग त्या डिझाइनवाल्या बाईने तान्हीला आईकडे दिले, पंपाशी गेली, गुडघ्यांत बसली, हात बुडाखाली घातले. मांडीपर्यंत आणला. पुढे येईना. परत लावला जोर. नाही. तिने तो खाली ठेवला आणि बसल्याबसल्याच म्हणाली, "सर, आपण प्रश्नच चुकीचा मांडलाय. पंप पाठीवर गेल्यानंतरचं सगळं बघितलं. पाठीवर जातो कसा ते बघितलंच नाही. मी स्वतः घातला होता, सर. ह्यांनीच चढवला होता माझ्या पाठीवर."

"नोंद घेऊ," साहेब म्हणाले. "पुढच्या मॉडेलला विचार करू."

"पुढच्या नाही, ह्याच. चुकलं की परत पहिल्यापासून, असं आपणच शिकवतो."

"साचे पडलेत. माल सुटायला आलाय."

"मग आजची ही चाचणी कशासाठी होती?"

साहेबांनी चष्मा पुसला. "फिल्मसाठी."

हे एवढे सरळ उत्तर! बिचाऱ्या बाईने वाकून आपल्या बुटांवरचा चिखल बोटाने काढायला सुरुवात केली, काढतच राहिली.

इकडे लांब्याने काय केले? तोंड असे आवळलेले की जबड्याची हाडे दिसावीत. त्याने झाकण उघडले, पंप आडवा करून निम्मे औषध बादलीत काढले. मग सरीच्या तोंडाशी, ओल्या मातीत, धपकन बसला. पंपाला पाठ लावली, पट्टे चढवले. आणि उठायला गेला. उठता येईना. अंगाने एवढा लांब, पाय कुठे घ्यावेत कळेना. परत गेला, परत बसला. शेवटी पालथा झाला, दोन्ही हात मातीत रोवले, गुडघे टेकले.

"लांब्या, घोडा झालास की रे!" बांधावरून कोणीतरी ओरडले, आणि ज्यांनी मघाशी माना खाली घातल्या होत्या ते सगळे मोकळेपणाने हसले. हसायला काहीतरी मिळाले म्हणून सुटल्यासारखे हसले.

बायकोने हात पुढे केला नाही. आईनेही नाही. गुडघा कट्कन वाजला, आणि तो उठला. तोंडाला माती लागलेली. सरीत शिरला, बटण दाबले. फवारा पानांवर पडायला लागला. टाकी संपली की परत बांधावर आला, परत बसला, परत चार पायांवर झाला. कॅमेरा केव्हाच पेटीत गेला होता.

अर्ध्या टाकीने फेऱ्या वाढल्या. दिवस मावळेपर्यंत पलीकडच्या सऱ्यांना औषध पोचले नाही, आणि त्या सऱ्या अळीने खाल्ल्या. पाने गेली, फळ गेले, नुसत्या काड्या राहिल्या. लांब्याने त्या काड्या एकट्याने उपटल्या. घरात ताट पुढे आले की मुकाट्याने जेवायचा, पाणीही मागायचा नाही. तो काही एका दिवसात संत झाला नाही. बायकोने चारचौघांत हसे केले, हा सल त्याच्या मनातून गेला असेल असे मला वाटत नाही. पण "हं" हे त्याने परत म्हटले नाही. पंप अर्धा भरतो, खाली बसतो, स्वतः उठतो. बघणारे बघतात.

सून आणि सासू एकदम दवाखान्यात गेल्या. नर्सबाईने सुनेला अंग धरून ठेवणारी रबराची कडी आत बसवून दिली, दर काही दिवसांनी दाखवायला ये म्हणाली. सासूला तपासून मात्र ती बराच वेळ हात धूत राहिली. "एवढी वर्षं? आजी, आता नुसत्या कडीनं भागायचं नाही. ऑपरेशन लागेल, आणि तुमचा श्वास बघता ते तरी झेपेल का, मोठ्या डॉक्टरांनाच विचारावं लागेल."

"राहू दे," म्हातारी उठत म्हणाली. "आता हे देवालाच नेऊन दाखवते. म्हणते, बाबा, बनवण्याआधी एकदा बाईमाणसाला विचारायचं होतंस."

असले बोल कानी पडले की माझ्यासारख्या देवभोळ्याने कानांवर हात ठेवायचे असतात. माझे हात उठत नाहीत.

निळा पंप बाजारात आला. दुकानात गेलात तर खोक्यावर चित्र दिसेल: एक उंच, हसरा माणूस, हिरव्यागार सरीत, पाठीवर पंप, एकटाच. खाली छापले आहे, शेतकऱ्यांच्या अनुभवातून घडलेला. ती बूटवाली बाई कंपनीत भांडली म्हणे, वरपर्यंत गेली. तिच्या भांडणाला एवढे फळ आले, की त्याच खोक्याच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक ओळ वाढली. पंप ठेवून पाठीवर घेण्यासाठी घडीचा स्टँड मिळेल. वेगळा.

म्हातारी पुढच्या हंगामाला नव्हती. शेवटपर्यंत आवाज तसाच होता. गुरे कान टवकारतच होती.

आता उठा, उशीर झाला, लेकरे पेंगुळली. जाता जाता एवढेच मागणे आहे. घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, तेव्हा एकदा त्या फौजदारणीसाठीही जोडा. फक्त डोळे मिटून, शांत होऊन जोडू नका. तिला ते आवडायचे नाही. तिची आठवण काढायची, तर जरा रागाने जोडा.